मैनेच्या लग्नाचा गूळ

दिग्रसच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत ज्यानं कधी तास-दीड तास काढला असेल, त्यानं रामधनचा आवाज ऐकलाच असणार. "पुसदवाले हो, पुसदवाले! म्हाताऱ्या माणसायले आंधी चढू द्या! ए टोपीवाले, तुमचं पोट्टं खालीच राह्यलं ना!" हा माणूस एसटीचा नोकर नाही. स्टँडसमोर त्याची चहाची टपरी आहे, आणि गाडी लागली की ओरडणं हा त्याचा फुकटचा धंदा. एकदा वऱ्हाडीत ओरडतो, एकदा गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत. तांड्यावरच्या बायका त्याचा आवाज ऐकल्याशिवाय गाडीत पाय ठेवत नाहीत. कंडक्टरनं कितीही घंटी मारली तरी.

हा रामधन एके काळी अख्ख्या सिनेमाचा आवाज होता असं मी सांगितलं, की नवी पोरं हसतात. हसू देत. त्या सिनेमाचा ऑपरेटर मी होतो. सिनेमा रंगला तर लोक हीरोला शिट्ट्या मारतात आणि फिल्म तुटली तर शिव्या ऑपरेटरला, असा जगाचा न्याय आहे. म्हणून माझ्या बोलण्याला कुणी किंमत देत नाही. पण जे झालं ते माझ्या मशीनच्या उजेडात झालं, तेव्हा ते सांगायचा हक्क माझाच.

साल एकोणसाठचं. महाराष्ट्र अजून व्हायचा होता आणि दिग्रसला पक्कं थेटर नव्हतं. दिवाळीनंतर कापूस निघाला, लोकांच्या हातात चार पैसे खुळखुळायला लागले, की देवरावचा तंबू पडायचा, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या मैदानात. देवराव मालक, मी ऑपरेटर आणि रामधन जाहिरातवाला. दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत बसून, पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून तो गावोगाव, तांड्यातांड्यांवर हाकाटी करत फिरायचा. दोन्ही बोली त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेल्या. नेमकं सांगायचं तर आईच्या दुधाबरोबर एक आणि बापाच्या खांद्यावर बसून दुसरी.

कारण त्याचा बाप पुंडलिकराव हा कुणबी, चांगला खात्यापित्या घरचा. तरुणपणी तो तांड्यावर बैलजोडी आणायला गेला. बंजारे पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे, बैलाची पारख त्यांच्याइतकी कुणाला नाही. पुंडलिकराव बैल घेऊन आला आणि दुसऱ्या खेपेला सोनीबाईलाही घेऊन आला. बैलांना गोठ्यात जागा मिळाली, सोनीबाईला घरात मिळाली नाही. तांड्यानंही हात झटकले. मग पुंडलिकरावानं गाव आणि तांडा यांच्या बरोबर मधे, रस्त्याच्या कडेला, झोपडी घातली आणि म्हणाला, "आता दोघायलेबी सारखंच दूर पडन." असा हौशी माणूस. रामधन लहान असतानाच तापानं गेला बिचारा.

गावात पोराला रामराव म्हणायचे आणि पंगतीला बोलवायचे नाहीत. तांड्यावर रामधन म्हणायचे आणि कोर म्हणायचे. बंजारा तो गोर, बाहेरचा तो कोर. असल्या माणसानं खरं तर तोंड पाडून बसायचं. पण ह्याच्या तोंडाला पडायची सवयच नव्हती. "मिस्तरी," तो मला म्हणायचा, "लोकायचं एक गाव असते, माये दोन. भांडाले बी दोन, हसाले बी दोन." मला मिस्तरी म्हणणारा जगात तो एकटाच. बाकीचे 'ए मशीनवाल्या' म्हणत.

फक्त एका ठिकाणी ह्याची बोलती बंद व्हायची. आमराईच्या तांड्यावर, विहिरीपाशी. धावजी नाईकाची पोरगी जमना विहिरीवर पाणी भरायला यायची आणि ह्याच्या भोंग्याची हुबेहूब नक्कल करायची, रिकामी घागर तोंडाशी धरून. "आज रात्रीऽऽ, देवरावच्या तंबूतऽऽ!" आणि वरून विचारायची, "तंबूत काय दाखवतं? तुह्यं थोबाड?" अशी सुरुवात झाली. पुढचं मी सांगत नाही, तुम्ही शहाणे आहात.

रामधननं चोरून काही केलं नाही, हे मात्र सांगायला हवं. बापानं जे केलं ते ह्याला करायचं नव्हतं. आईचं आयुष्य रस्त्याच्या कडेला गेलेलं त्यानं पाहिलं होतं. तो सरळ नाईकाच्या ओट्यावर जाऊन बसला आणि जमनाला मागणी घातली. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्याच्या शब्दावर तांडा उठतो आणि बसतो. धावजी नाईक भला माणूस होता. पोरगा कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं चिलीम बाजूला ठेवली आणि एकच प्रश्न विचारला.

"गोळ कोन आनन?"

गोळ म्हणजे गूळ. बंजाऱ्यांत लग्न ठरलं की मुलाकडची वडीलधारी माणसं तांड्यावर गूळ घेऊन येतात. नाईक खातो, पंच खातात, मग सगळा तांडा खातो. गूळ तोंडात गेला की नातं पक्कं. नंतर कुणी मोडलं तर नसाब बसते, म्हणजे पंचायत, आणि ती दंड करते. पण गूळ बापाच्या घरून यावा लागतो. मामाचा चालत नाही, मित्राचा चालत नाही. नवऱ्या मुलानं स्वतःच काखोटीला मारून आणला तर मुळीच चालत नाही.

"तुह्या बापाचा भाऊ हाय ना, मारोतराव," नाईक म्हणाला. "त्याले धाड. तो गोळ घेऊन आला तर मी पोट्टी देतो. तुह्यामांगं एखांदं घर उभं हाय, येवढं मले दिसू दे. नाहीतर माही पोट्टी बी सोनीबाईवानी रस्त्याच्या कडीले बसन."

झालं. मारोतराव काका म्हणजे कोरड्या विहिरीसारखा माणूस. बोललं तर उलटा आपलाच आवाज ऐकू यायचा. भावाच्या वाटणीचं वावर त्यानं रामधनला इमानानं दिलं होतं, पण घराची पायरी दिली नव्हती, आणि सोनीबाईशी तर तो जन्मात एक शब्द बोलला नव्हता. रामधन दोनदा गेला. दोन्ही वेळा काका गोठ्यात जाऊन बैलाशी बोलत उभा राहिला. जमनाच्या लग्नाची गाडी ही अशी गुळावर अडली.

आणि त्याच आठवड्यात आमचं आवाजाचं खोकं जळालं.

खोकं म्हणजे ॲम्प्लिफायर. धूर निघाला, वास सुटला, आणि पडद्यावरची नटी गाणं म्हणता म्हणता मुकी झाली. लोकांनी रीतसर मला शिव्या दिल्या. दुरुस्तीला खोकं नागपूरला गेलं ते महिनाभर परत येईना. हंगाम जातो म्हणून देवराव डोक्याला हात लावून बसला. तेव्हा मला ट्रंकेची आठवण झाली. एका बुडालेल्या कंपनीकडून देवरावनं तंबू घेतला होता, त्यासोबत एक गंजकी ट्रंक आली होती, जुन्या मुक्या सिनेमाच्या रिळांची. धड असा एकच सिनेमा निघाला. पहिल्या रिळाचं तोंड जळालेलं, त्यामुळे नाव काय ते देवालाच माहीत. मधे मधे पाट्या यायच्या त्या इंग्रजीत, त्याही निम्म्या पुसलेल्या.

"मुका सिनेमा कोन पाहीन बे?" देवराव म्हणाला.

"मुका कायले राहीन?" रामधन म्हणाला. "मी हावो ना."

तर असा रामधन भोंगा घेऊन पडद्याच्या बाजूला उभा राहिला.

गोष्ट होती एका मुलीची. बाप गोरा साहेब, आई रानातली. साहेब झालेल्या नटानं तोंडाला इतकं पीठ फासलं होतं, की हसला की गालाला भेगा पडत. आम्ही मुलीचं नाव मैना ठेवलं. बाप मरतो. बापाचा भाऊ, मिशीवाला काकासाहेब, तिला फाटकातून हाकलतो. रानातले लोक म्हणतात, तू साहेबाची, जा. कचेरीतला एक भांग पाडलेला कारकून तिच्यावर जीव टाकतो, पण त्याचेही लोक आडवे येतात. शेवटी मैना चालत चालत नदीत जाते. डोकं पाण्याखाली जातं. रिकामी नदी, काठावर गुडघे टेकलेला कारकून, खेळ खलास.

रामधननं पहिल्या दिवशी जे सांगितलं तसं सांगणं मी पुन्हा ऐकलं नाही. साहेबाला साहेबाचा आवाज, काकाला काकाचा, मैनेला मैनेचा. पुरुषांच्या बाजूला वऱ्हाडी, बायकांच्या बाजूला वळून गोरबोली. आमच्या मशीनवर तो जुना सिनेमा जरा घाईनं पळायचा, सगळी माणसं गाडी चुकल्यासारखी चालायची. रामधन म्हणायचा, "साहेब लोकायले कामं लय, म्हनून पळून राह्यले." तंबू हसून हसून लोळत होता.

आणि मैना बुडली.

हसणं थांबलं. मग तंबू पेटला. म्हणजे आग नाही, माणसं पेटली. "काहून मारली तिले?" "पैशे देऊन पोट्टी मेलेली पाहाची का आमी?" तांड्यावरच्या बायका तर पदर खोचून माझ्याच अंगावर आल्या. पोरगी मारली कुणी? ऑपरेटरनं! मशीन त्याचं, म्हणजे खून त्याचा. मी तंबूच्या कापडाखालून सरपटत बाहेर निघालो.

दुसऱ्या दिवशी रामधन आणि मी रिळं उलगडून बसलो. पाचव्या रिळात मैना कारकुनाला भेटायला पुराची नदी पोहून येते, भिजलेली काठावर चढते आणि तो तिच्या अंगावर शाल टाकतो. "मिस्तरी," रामधन म्हणाला, "हे शेवटी लाव." शेवटच्या रिळातली रिकामी नदी मी कापून ठेवली, मैना पाण्याखाली गेली की रीळ संपवलं, आणि पाचवं रीळ त्याच्यानंतर लावलं. मैना बुडायची आणि वर यायची. आमचं मशीन एकच होतं. एक रीळ संपलं की कंदील लावायचा, दुसरं चढवायचं, तोवर लोक विड्या ओढणार. त्या वेळात मैना पाण्याखाली. बायका अक्षरशः श्वास धरून बसत. मग ती बाहेर आली की असा काही जल्लोष व्हायचा की जिनिंगमधले लोक काम सोडून पाहायला येत.

पण बंजारा बायकांच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. पाण्यात जाताना मैनेचे हात मोकळे, आणि बाहेर येताना कोपराच्या वर दंडापर्यंत बांगड्या! सिनेमावाल्यांनी पाचव्या रिळाच्या वेळी हौसेनं भरल्या असतील काहीतरी. पण बंजारा बाईच्या दंडावर बांगड्या चढल्या, म्हणजे चुडो चढला, म्हणजे ती लग्नाची झाली. बायकांनी ताबडतोब निकाल लावला, की मैनेचं लग्न नदीच्या आत लागलं. नदीमायनं लावून दिलं. रामधननंही मान हलवली, "व्हय, नदीमायनं चुडो भरला." दुसऱ्या बाजारापर्यंत ही बातमी आसपासच्या साऱ्या तांड्यांवर गेली. बैलगाड्याच्या बैलगाड्या भरून माणसं यायला लागली. देवराव खोक्याची चौकशी करायचं विसरला.

बाजाराच्या दिवशी मारोतराव काकाही यायचा. त्याची कापसाची गाडी जिनिंगच्या रांगेत लागलेली असायची, मग वेळ घालवायला तंबूत. खुर्ची बरोबर माझ्या मशीनशेजारी. पडद्यावरच्या काकासाहेबानं मैनेला फाटकातून हाकललं, की अख्खा तंबू त्याला शिव्या घालायचा. "मुडदा बशिवला त्या काकाचा!" मारोतराव त्या शिव्यांखाली भिजल्या कोंबड्यासारखा बसायचा, आणि पुढच्या बाजाराला पुन्हा हजर. एकदा मी पाहिलं, तो उपरण्यानं डोळे पुसत होता. मी पाहतोय हे बघून म्हणाला, "तुह्या मशीनचा धूर लय होते बे." धूर वरच्या नळकांड्यातून बाहेर जायचा.

ज्या दिवशी घडायचं ते घडलं, त्या दिवशी दुपारी बाजारात जमनानं रामधनला गाठलं. मी शेजारीच मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या घेत होतो. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या पोट्टीले रोज पान्यातून काढतं, माहं काय? मी कवापासून पान्यात हावो." आणि निघून गेली. रामधन हातातलं केळं न खाता तसाच उभा राहिला.

संध्याकाळी धावजी नाईक स्वतः आला. तो सिनेमा पाहायला आला नव्हता, न्याय करायला आला होता. तांड्यावर वाद पेटला होता, की मैनेचं लग्न खरं की खोटं. चार पंच घेऊन तो पुढच्या सतरंजीवर बसला. सोनीबाई बायकांमध्ये, जमना तिच्यापासून दोन हातांवर. मारोतराव माझ्याशेजारी. खेळ सुरू झाला. काकाला शिव्या पडल्या. मैना नदीत गेली, डोकं पाण्याखाली गेलं, रीळ संपलं. मी कंदील लावला आणि पाचवं रीळ चढवायला घेतलं.

नाईक उठून उभा राहिला. "थांब, मशीनवाल्या! रामधन, चुडो भरला म्हनतं ना तू? मंग गोळ कोनं खाल्ला? गोळाबिगर लगन कसं झालं?"

हा कायद्याचा मुद्दा होता. पंचांनी माना डोलावल्या. पुरुषांच्या बाजूचे कुणबीही पुढे सरकून ऐकू लागले.

रामधननं भोंगा खाली घेतला. मला हातानं खूण केली, थांब. म्हणाला, "नाईक, खरं सांगतो. असली सिनेमात हे पोट्टी मरते. बाहीर येतच नाही. मी अन् मिस्तरीनं रीळ फिरवलं. लगन बी झालं नाही तिचं. कसं व्हईन? गोळ आनाले तिच्या बापाकडचं कोनीच नोयतं. एक काका होता, तो फाटक लावून बसला." त्यानं भोंगा पडद्याकडे वळवला. "आता तुमीच निवाडा करा. बाहीर काढू का राहू देऊ?"

त्यानं मागं एकदाही पाहिलं नाही. पण बाकी साऱ्या तंबूनं पाहिलं. कंदिलाच्या उजेडात माझ्या शेजारच्या खुर्चीकडे दीडदोनशे माना वळल्या. बायकांतून कुणीतरी रडकुंडीला येऊन ओरडलं, "काढ ना माय तिले, गुदमरली व्हईन!" मला हसू यायला हवं होतं, पण खरं सांगतो, माझाही जीव गुदमरला होता.

मारोतराव ताडकन उठला. खुर्ची मागं पडली. "गूळ म्या आनतो!" तो पडद्याकडे हात करून ओरडला. "पोट्टीले आंधी बाहीर काढ म्हनतो ना!"

झालं, बोलून बसला. आता पडद्यावरच्या मुलीसाठी बोलला का आणखी कुणासाठी, हे त्यालाच विचारा. पण बंजाऱ्याच्या नाईकासमोर, चार पंचांसमोर, तांड्यासमोर बोलला. धावजी नाईक हळूच वळला. त्याच्या मिशीखाली काय चाललं होतं ते मला दिसलं नाही.

"मारोतराव, हे नसाब हाय. इथं बोललेलं वापस घेता येत नाही," तो म्हणाला. "पन सिनेमातल्या पोट्टीचा गोळ खाऊन मी काय करू? कोनाच्या नावाचा आनता ते सांगा."

मारोतरावानं माझ्या मशीनला हात टेकला. गरम होतं, पण त्याला कळलंच नाही. कोरड्या विहिरीतून पाणी यायला वेळ लागतो. शेवटी म्हणाला, "आमच्या पुंडलिकच्या पोराच्या."

आणि तो तरातरा बाहेर गेला. बाजार उठत आला होता, पण तंबूच्या दारातच गूळवाला बसायचा. मारोतरावानं ढेप उचलली ती अख्खी, खांद्यावर घेऊन आत आला, आणि नाईकासमोर सतरंजीवर ठेवली. फोडायला काही नव्हतं म्हणून मी माझी हातोडी दिली. ही हातोडी अजून माझ्याकडे आहे, आणि तिच्यामुळे एक लग्न लागलं असं मी म्हणतो.

नाईकानं खडा उचलला. त्यानं जमनाकडे पाहिलं. एरवी विहिरीवर घागरीतून बोंबलणारी ती पोरगी ओढणी दातात धरून जमिनीकडे बघत होती. नाईकानं खडा तोंडात टाकला. "गोड हाय," म्हणाला.

मग काय! पंचांनी खाल्ला, तांड्यानं खाल्ला, कुणब्यांनी खाल्ला. कुणाचा गूळ, कुणाचं लग्न, हे न विचारता देवरावनंही दोन खडे खाल्ले आणि मग मला विचारलं, "कायचा हाय बे?" धावजी नाईक पुढं आयुष्यभर सांगत राहिला की मी मुद्दाम गुळाचा विषय काढला, मला सगळं आधीच ठाऊक होतं. मारोतराव सांगत राहिला की मी सिनेमाच्या भरात बोललो, नाहीतर मी असा फसणारा नाही. दोघंही खोटं बोलतात असं माझं मत आहे. पण ऑपरेटरचं मत कोण विचारतो.

गूळ वाटता वाटता मारोतराव बायकांच्या बाजूला आला आणि सोनीबाईसमोर थांबला. ती उठून उभी राहिली, पदर सारखा केला. तिच्या लग्नाला कुणी गूळ आणला नव्हता, कुणी खाल्ला नव्हता. दंडावर कधी चुडो चढला नव्हता. काकानं दोन्ही हातांनी गूळ पुढं केला.

"घ्या वयनी," तो म्हणाला. "तुमचा बी राह्यला होता."

सोनीबाईनं तो घेतला. तोंडात टाकला.

"अरे, पोट्टी पान्यात हाय अजून!" नाईक ओरडला. "काढ ना तिले आता!"

मी कंदील विझवला आणि मशीन सुरू केलं. पडद्यावर पाणी आलं. लाटांतून मैनेचं डोकं वर आलं. रामधननं भोंगा तोंडाला लावला, आणि आवाजच फुटेना. रोज साऱ्या जगाच्या तोंडानं बोलणारा माणूस! भोंगा धरून नुसता उभा, खांदे हलताहेत. मैना हात मारत काठाकडे येऊ लागली आणि तंबूत फक्त माझ्या मशीनची खडखड.

मग अंधारात बायकांच्या बाजूनं एक आवाज उठला. थोडा घोगरा, तोंडात गूळ असलेला.

"आवगी," सोनीबाई म्हणाली. आली. मग मोठ्यानं, पहिल्यांदा गोरबोलीत आणि लगेच वऱ्हाडीत, दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असं, लेक सांगायचा अगदी तसं: "छोरी आवगी! आली रे बाप्पा, आली, पोट्टी बाहीर आली!"